क्युबाचे पंधरा प्रांत शाळेच्या भिंतीवर: आखणी, रंग आणि वाटणीचा हिशेब

मोबाइलच्या नकाशात २०.८९, ७६.२६ असे आकडे टाकून पाहा. खूण पडेल मुक्ताईनगर ओलांडल्यावर लागणाऱ्या मलकापूरच्या शेजारी. आता दुसऱ्या आकड्याआधी उणे चिन्ह लावा. खूण थेट क्युबातल्या ओल्गीन शहरावर जाईल. क्युबाचा नकाशा काढताना सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच: पश्चिम रेखांश उणे धरायचा राहून जातो. आपल्याकडे ती लवकर लक्षातही येत नाही, कारण आपला खान्देशचा पट्टा पूर्व रेखांश ७४ ते ७६ मध्ये आहे आणि क्युबाचा पूर्वेकडचा भाग पश्चिम रेखांश ७४ ते ७७ मध्ये. आकडे ओळखीचे वाटतात आणि डोळा फसतो.

अक्षांश तर जवळपास एकच आहेत. धुळे आणि ओल्गीन दोन्ही २०.९ अंशांवर. जळगाव २१.०, लास तुनास २०.९६. नंदुरबार आणि कामाग्वेय दोन्ही २१.४ च्या जवळ. धुळ्यात ज्या दिवशी दुपारी सावली नाहीशी होते, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला, त्याच दिवशी ओल्गीनमध्येही ती नाहीशी होते. बोलक्या भिंतींसाठी परदेशाचा नकाशा निवडायचा असेल, तर खान्देशातल्या शाळेला क्युबासारखा देश नाही. अक्षांशाची आडवी रेघ मुलांच्या गावावरून निघून तिथे पोचते.

आधी वाटणी समजून घ्या, मग ब्रश हातात घ्या

पंधरा नावं पाठ करायला लावली तर आठ दिवसांत विसरली जातात. ही नावं वाटणीच्या रूपाने सांगावीत. १९०६ मध्ये एका खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे पूर्व खान्देशचा जळगाव आणि पश्चिम खान्देशचा धुळे जिल्हा झाला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. आज जळगावचे १५, धुळ्याचे ४ आणि नंदुरबारचे ६ तालुके आहेत. मूळ घर कुठलं आणि हिस्से किती पडले, हे ज्याला आपल्या मुलखाचं सांगता येतं त्याला क्युबाचंही सांगता येईल.

क्युबात मूळ घरं सहा. स्पेनच्या राजवटीत १८७८ मध्ये बेटाचे सहा प्रांत पाडले गेले. पुढे काहींची नावं बदलली, घरं सहाच राहिली. पश्चिमेकडून पूर्वेकडे त्यांची अलीकडची नावं अशी: पिनार देल रिओ, ला हाबाना, मातान्सास, लास बियास, कामाग्वेय आणि ओरिएन्ते. मोठी वाटणी झाली १९७६ मध्ये. पिनार देल रिओ आणि मातान्सास एकेकच राहिले. ला हाबानातून राजधानीचं शहर निघून स्वतंत्र प्रांत झालं, म्हणजे दोन. लास बियासचे तीन झाले: सिएन्फुएगोस, बिया क्लारा आणि सांक्ती स्पिरितुस. कामाग्वेयमधून सिएगो दे आबिला निघाला, म्हणजे दोन. ओरिएन्तेचे पाच झाले: लास तुनास, ओल्गीन, ग्रान्मा, सान्तियागो दे कुबा आणि ग्वान्तानामो. हिशेब फोन नंबरासारखा लक्षात ठेवता येतो: १-२-१-३-२-५, बेरीज १४.

दुसरी वाटणी लहान, पण जास्त गोंधळ घालणारी. १ जानेवारी २०११ पासून राजधानीभोवतीचा जुना ला हाबाना प्रांत मोडला. पश्चिमेकडच्या भागाचा आर्तेमिसा झाला, पूर्वेकडच्याचा मायाबेके. राजधानीचा जो प्रांत तोवर ‘सिउदाद दे ला हाबाना’ म्हणवला जात होता, त्याला नुसतं ‘ला हाबाना’ हे नाव मिळालं. नवा नंबर १-३-१-३-२-५, बेरीज १५. फळ्यावर दोन्ही ओळी एकाखाली एक लिहा आणि बदललेल्या आकड्याभोवती गोल काढा. तेवढ्याने २०११ चा बदल मुलांच्या डोक्यात बसतो.

घरची वाटणी झाली तरी बांधावरची एखादी पट्टी शेजाऱ्याकडे जातेच, तसं इथेही झालं आहे. आर्तेमिसातले ११ तालुके सगळे ला हाबानाचे नाहीत. ८ तिथले, आणि बाइया ओन्दा, कान्देलारिया, सान क्रिस्तोबाल हे ३ पिनार देल रिओमधून आलेले. लास तुनासमधले अमान्सियो आणि कोलोम्बिया हे दोन तालुके जुन्या कामाग्वेयचे. रंग देताना ही पट्टी नव्या घरातच दाखवायची. जुन्या घराचा रंग लावायचा मोह होतो, पण नकाशा आजचा आहे.

प्रांत म्हणजे राज्य नव्हे

‘प्रांत’ शब्द ऐकला की मुलं महाराष्ट्र, गुजरातसारखं काहीतरी धरतात. क्युबात सत्ता मध्यवर्ती आहे, प्रांताला स्वतःची विधानसभा नाही. आकारानेही तो आपल्या जिल्ह्याएवढाच. मातान्सास साधारण ११,८०० चौरस किलोमीटर आणि आपला जळगाव जिल्हा ११,७६५, म्हणजे जवळपास जोडीदार. सगळ्यात मोठा कामाग्वेय १५,००० च्या पुढे जातो. सगळ्यात लहान ला हाबाना सुमारे ७२८, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढा. पूर्ण देश १,०९,८८४ चौरस किलोमीटरचा, अख्ख्या खान्देशाच्या सव्वाचार-साडेचार पट.

प्रांताखालच्या घटकाला स्पॅनिशमध्ये ‘मुनिसिपियो’ म्हणतात. शब्दकोश पाहून याचं भाषांतर ‘नगरपालिका’ करू नका. मुनिसिपियोत शहर असतं, तशी भोवतीची गावं, उसाची शेतं आणि डोंगरही असतात. निवडून आलेली सभा असलेला तालुका, असं सांगितलं की चित्र बरोबर उभं राहतं. भिंतीवर ‘तालुका’ लिहिलं तरी चालेल, फक्त सूचीत एकदा ‘मुनिसिपियो’ हा मूळ शब्द द्या.

कारभार २०१९ च्या राज्यघटनेने बदलला. प्रांतिक सभा गेल्या, प्रत्येक प्रांताला गव्हर्नर आला. त्याचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात आणि प्रांतातल्या तालुका सभांचे सदस्य मत देतात. मुदत पाच वर्षं. पहिले गव्हर्नर जानेवारी २०२० मध्ये निवडले गेले. म्हणून त्याला ‘राज्यपाल’ म्हणू नये. आपल्या राज्यपालाच्या कामाशी या पदाचं काहीच जुळत नाही. तालुक्याचा रोजचा कारभार पाहणाऱ्याला ‘इंतेन्देन्ते’ म्हणतात. जुन्या पुस्तकांत ‘प्रांतिक सभेचा अध्यक्ष’ असा उल्लेख दिसला, तर तो मजकूर २०१९ पूर्वीचा समजावा.

दक्षिणेला एक बेट आहे: इस्ला दे ला हुबेन्तुद, म्हणजे तरुणाईचं बेट. ते प्रांत नाही. विशेष तालुका म्हणून ते थेट केंद्र सरकारच्या हाताखाली आहे. १९७८ पर्यंत त्याचं नाव इस्ला दे पिनोस होतं, आणि १९७६ पर्यंत ते ला हाबाना प्रांतात मोडत होतं. हे बेट प्रांतांत मोजलं की बेरीज १६ येते. परीक्षेत नेमकी हीच चूक होते.

भिंतीची तयारी

माप: साडेआठ फूट रुंद आणि पाच फूट उंच मोकळी भिंत. नकाशा साधारण साडेसात फूट बाय पावणेचार फूट बसेल. वरची जागा शीर्षकाला, खालची सूचीला.

जुन्या चुन्याच्या भिंतीवर सरळ रंग देऊ नका. हात फिरवल्यावर पांढरं लागत असेल तर तो रंग पहिल्या पावसाळ्यानंतर पापुद्र्याने सुटतो. आधी पत्र्याच्या पट्टीने खरवडा, पॉलिश पेपर मारा, ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या, मग प्राइमरचा एक हात. समुद्रासाठी फिकट निळा प्लास्टिक इमल्शन एक लिटर घ्या, दोन हातांना पुरून थोडा उरेल.

जमिनीच्या रंगासाठी लोक सहा डबे विकत आणतात आणि पाच वाया जातात. या मापावर सगळ्या क्युबाचं क्षेत्र जेमतेम ४,४०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे पावणेपाच चौरस फूट भरतं. अर्धा लिटर पांढरा इमल्शन आणि सहा रंगांच्या स्टेनरच्या (पांढऱ्यात मिसळायच्या दाट रंगाच्या) लहान बाटल्या एवढ्यात सगळं भागतं. छटा दह्याच्या रिकाम्या डब्यांत कालवा. प्रत्येक छटा लागेल त्याच्या दुप्पट एकाच वेळी करून झाकण लावून ठेवा, कारण दुसऱ्या हाताला तीच छटा पुन्हा जमत नाही.

एप्रिल-मेमध्ये काम असेल तर सकाळी दहाच्या आत उरका. आपल्या उन्हात तापलेल्या भिंतीवर इमल्शन ब्रशमागेच सुकतो, सांधे दिसतात आणि छटेचे पट्टे पडतात. पश्चिमेला तोंड असलेली भिंत दुपारनंतर संध्याकाळपर्यंत तापलेलीच राहते. तिच्यावर सकाळशिवाय हात लावू नका.

आखणी

इथे घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं. क्युबाच्या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे साधारण १०३ किलोमीटर आणि एक अंश अक्षांश म्हणजे ११० च्या थोडं पुढे. म्हणून चौकोन समान बाजूंचे काढायचे नाहीत. समान काढले तर बेट आडवं ताणलं जातं आणि ला हाबाना फुगल्यासारखं दिसतं. चौकोन २०.५ सेंमी रुंद आणि २२ सेंमी उंच घ्या. मग एक सेंटीमीटर म्हणजे साधारण पाच किलोमीटर.

उभ्या रेषा डावीकडून उजवीकडे ८५ ते ७४, म्हणजे ११ रकाने, एकूण २२५.५ सेंमी. आडव्या रेषा खालून वर १९ ते २४, म्हणजे ५ ओळी, एकूण ११० सेंमी. पश्चिम रेखांश डावीकडे वाढत जातात हे काम करणाऱ्या प्रत्येकाला बजावून सांगा. खान्देशाच्या नकाशाची सवय असलेला हात ७४ डावीकडे लिहितो आणि अख्खं बेट आरशात पाहिल्यासारखं उलटं होतं. उभी रेषा ओळंब्याने घ्या, फरशीवरून मोजून नको. जुन्या वर्गात फरशी क्वचितच समतळ असते. रेषांसाठी दोऱ्याला निळीची पूड लावून सूत मारा. गेरू लावला तर फिकट रंगातून लालसर डाग वर येतो.

आता शहरं बसवा. मापं अशी:

पिनार देल रिओ: ८४ च्या उजवीकडे ६ सेंमी, २२ च्या वर ९.
आर्तेमिसा: ८३ च्या उजवीकडे ५, २३ च्या खाली ४.
ला हाबाना (हवाना शहर): ८२ च्या डावीकडे ८, २३ च्या वर ३.
सान होसे दे लास लाहास: ८२ च्या डावीकडे ३, २३ च्या खाली १.
मातान्सास: ८२ च्या उजवीकडे साडेआठ, २३ च्या वर १.
सिएन्फुएगोस: ८० च्या डावीकडे ९, २२ च्या वर ३.
सांता क्लारा: ८० च्या उजवीकडे अर्धा, २२ च्या वर ९.
सांक्ती स्पिरितुस: ७९ च्या डावीकडे ९, २२ च्या खाली दीड.
सिएगो दे आबिला: ७९ च्या उजवीकडे ५, २२ च्या खाली ३.
कामाग्वेय: ७८ च्या उजवीकडे दीड, २१ च्या वर ८.
लास तुनास: ७७ च्या उजवीकडे १, २१ च्या खाली १.
ओल्गीन: ७६ च्या डावीकडे ५, २१ च्या खाली अडीच.
बायामो: ७७ च्या उजवीकडे साडेसात, २० च्या वर साडेआठ.
सान्तियागो दे कुबा: ७६ च्या उजवीकडे पावणेचार, जवळपास २० च्या रेषेवरच.
ग्वान्तानामो: ७५ च्या डावीकडे ४, २० च्या वर ३.
नुएबा हेरोना (बेटावरचं): ८३ च्या उजवीकडे ४, २२ च्या खाली अडीच.

किनारा एकेका चौकोनाने उतरवा. याच अंशांच्या जाळीचा छापील नकाशा समोर ठेवा आणि रेघ चौकोनाची कड कुठे ओलांडते तेवढंच आधी खुणेने घ्या, मग खुणा जोडा. दोन टोकं पक्की करून घ्या: पश्चिमेला काबो दे सान आन्तोनियो, ८५ ला लागूनच आणि २२ च्या खाली ३ सेंमी, पूर्वेला पुन्ता दे माइसी, ७४ च्या डावीकडे अडीच ते तीन आणि २० च्या वर ५. तपासणीसाठी मारिएलजवळची चिंचोळी जागा मोजा. तिथे बेट ३१ किलोमीटरच रुंद आहे, म्हणजे भिंतीवर साधारण सहा सेंमी. आठ-नऊ भरली तर उत्तर किंवा दक्षिण किनारा घसरला आहे. किनाऱ्यालगतची हजारो लहान बेटं काढत बसू नका. उत्तरेची कायो कोको आणि कायो रोमानो दाखवली की पुरे.

रंग आणि बांध

सहा मूळ घरांना सहा रंग, आणि घरातल्या प्रत्येक प्रांताला त्याच रंगाची वेगळी छटा, पश्चिमेला फिकट, पूर्वेला गडद. भिंतीसमोर उभं राहिलं की १-३-१-३-२-५ डोळ्यांनी मोजता येतं. पंधरा प्रांतांना पंधरा भडक रंग दिले तर भिंत सजते, पण वाटणी दिसत नाही, आणि इथे वाटणीच शिकवायची आहे.

अडचण येते ओरिएन्तेच्या पाच छटांत. तिसरी आणि चौथी चार हातांवरून सारखीच दिसते. यावर उपाय बांधाचा. प्रांतांच्या सीमेवर तीन मिलिमीटरची पांढरी पट्टी सोडा. मास्किंग टेप लांबीत उभी कापून सीमेवर चिकटवा, रंगाचे दोन हात द्या आणि दुसरा हात ओलसर असतानाच टेप ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर रंगाची कड सोबत उचकटून येते.

इस्ला दे ला हुबेन्तुदला ला हाबानाच्या घराचा रंग द्या, पण वर तिरप्या रेघा मारा: घरातून आलेलं, आता वेगळं. ग्वान्तानामोच्या उपसागरावर अमेरिकेचा नौदल तळ आहे, १९०३ च्या भाडेकरारापासूनचा, साधारण ११७ चौरस किलोमीटरचा. भिंतीवर तो चार-पाच चौरस सेंटीमीटरच होतो. तोही रेघांनी दाखवा, पण वेगळा प्रांत म्हणून नव्हे. तो ग्वान्तानामो प्रांताच्या हद्दीतच आहे आणि क्युबाला तो करार मान्य नाही.

तालुक्यांच्या सीमा या मापावर नकोत. १६८ तालुके, सरासरी एकाला भिंतीवर २६ चौरस सेंटीमीटर. त्यात नाव मावत नाही. प्रांताच्या नावाखाली फक्त संख्या लिहा, पश्चिमेकडून: ११, ११, १५, ११, १३, ८, १३, ८, १०, १३, ८, १४, १३, ९, १०. बेरीज १६७, आणि बेटाचा १ मिळून १६८. क्रम वर दिलेल्या शहरांचाच आहे. बेरीज मुलांकडून भिंतीसमोरच करून घ्या. चुकली तर अक्षर रंगवताना कुठला तरी आकडा बदलला आहे.

नावं लिहिताना

स्पॅनिशमधला सुरुवातीचा ‘एच’ मुका असतो, म्हणून होल्गिन नव्हे, ओल्गीन. ‘व्ही’ ऐकू येतो ब सारखा, ‘डबल एल’ य सारखा, म्हणून व्हिला क्लारा नव्हे, बिया क्लारा. ‘जे’ ह सारखा. हा मुका एच पाळला तर राजधानीही ‘आबाना’ होते, पण मराठीत हवाना रुळलं आहे. शहराला हवाना आणि प्रांताला ला हाबाना लिहिलं की घोटाळाही टळतो.

तीन प्रांतांचं नाव एक आणि मुख्य शहर दुसरं आहे, आपल्याकडे रायगडचं अलिबाग असतं तसं. मायाबेकेचं सान होसे दे लास लाहास, बिया क्लाराचं सांता क्लारा, ग्रान्माचं बायामो. ही तीन नावं वेगळ्या रंगाने लिहा. ग्रान्मा हे मुळात एका नौकेचं नाव आहे. २ डिसेंबर १९५६ रोजी फिदेल कास्त्रो आणि त्यांचे साथीदार मिळून ८२ जण त्या नौकेतून याच किनाऱ्यावर उतरले, म्हणून प्रांताला ते नाव.

छापील नकाशा किती जुना हे ओळखणं

समोर ठेवायला जो नकाशा आणाल तो आधी तपासा. आपल्याकडे ‘पूर्व खान्देश’ छापलेला किंवा धुळ्यात नंदुरबार मिसळलेला नकाशा आपण बाजूला ठेवतो, तीच नजर इथे लावा. ‘ओरिएन्ते’ प्रांत दिसला तर नकाशा १९७६ पूर्वीचा. १४ प्रांत, ‘सिउदाद दे ला हाबाना’ आणि १६९ तालुके असतील तर १९७६ ते २०१० मधला. १६९ चे १६८ कसे झाले, तर मातान्सासमधला बारादेरो हा तालुकाच मोडला आणि शेजाऱ्यांत वाटला गेला. प्रांतांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांकांच्या यादीतही खूण आहे: पिनार देल रिओ ०१, मग एकदम ०३. मधला ०२ हा जुन्या ला हाबाना प्रांताचा, तो प्रांत गेल्यावर रिकामा राहिला. आर्तेमिसाला १५ आणि मायाबेकेला १६ मिळाले, बेटाला ९९.

लोकसंख्येचे आकडे घेताना सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे. २०११ पूर्वीच्या तक्त्यातला ‘ला हाबाना’ म्हणजे राजधानीबाहेरचा ग्रामीण प्रांत, नंतरच्या तक्त्यातला ‘ला हाबाना’ म्हणजे राजधानी. दोन्ही आकडे एका ओळीत ठेवले तर लोकसंख्या काही वर्षांत जवळपास तिप्पट झाल्यासारखी दिसते. जुन्या तक्त्यातून राजधानी हवी असेल तर ‘सिउदाद दे ला हाबाना’ची ओळ घ्या. १९९१ च्या धुळे जिल्ह्याशी २००१ चा धुळे जिल्हा सरळ ताडून पाहिला तरी असाच घोळ होतो, तिथे नंदुरबार मिळवून मगच तुलना करावी लागते.

शेवटी उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘१ जानेवारी २०११ पासूनची रचना’ असं लिहा, आणि शेजारी वीतभर जागा निळीच सोडा. पुढे कधी सीमा हलली तर दुरुस्ती तिथे लिहिता येईल. त्या निळ्या छटेचा थोडा रंग त्यासाठी डब्यात झाकून ठेवा.